आधीचं तोंड गेलं की डावा

सकाळी आठ वाजले की मला घरात बसवत नाही. चहा घेतो, कप तिथंच ठेवतो, चपला घालतो आणि गोलावर जाऊन उभा राहतो. घरापासून चालत सात-आठ मिनिटं. चार तोंडांचा गोल आहे. एक तोंड स्टेशनकडं, एक विजापूरकडं, एक होटगीकडं आणि एक आमच्या गल्लीकडं. मी पानटपरीच्या कडेला उभा राहून गाड्यांचे दिवे बघतो. कुणी दिवा लावतच नाही, कुणी लावतो तो चुकीचा. चुकीचा लावला की मी ओरडतो. काचा बंद असतात, कुणाला ऐकू जात नाही.

तिथला ट्रॅफिक पोलीस तरणा आहे. परवा जवळ येऊन म्हणाला, "मामा, रोज हितं येऊन कुणाला शिव्या देता?"

"जे चुकतेत त्यांना."

"मग संध्याकाळपर्यंत पुरायचं न्हाय तुमाला. घरी जावा की."

घरी काय आहे ते त्याला कुठं माहीत.

मी मोटार ड्रायव्हिंगचा मास्तर. एकतीस वर्षं सोलापुरात लोकांना गाडी शिकवली. माझी स्वतःची शाळा चौथीपर्यंत. या अंकाचे संपादक माझ्याकडंच गाडी शिकले. ते म्हणाले, मास्तर, तुमच्या गमतीजमती लिहून द्या, शुद्धलेखन आम्ही बघतो. गमती आहेत. पण गेल्या फाल्गुनात माझी बायको गंगव्वा वारली, आणि तेव्हापासून एखादी गंमत आठवायला लागली की मधेच भलतंच आठवतं. चौदा वर्षांपूर्वी मी माझी चूक एका बाईच्या माथी मारली. तिच्या दारात जाऊन ते कबूल करायचं राहिलं होतं. गंगव्वा होती तोवर म्हणायचो, बघू. ती गेल्यावर वाटायला लागलं, मी पण हे असंच घेऊन जाणार काय? म्हणून आधी गोलाचं सांगतो, मग त्या बाईचं. लिहिताना तीनदा उठलोय. मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

गोलाचं काम सोपं आहे. आत जो फिरतोय त्याचा हक्क पहिला. उजवीकडून येणाऱ्याला जाऊ द्यायचं, मग आपण शिरायचं, आणि गोल आपल्या उजव्या हाताला ठेवून फिरायचं. आता दिवा. पहिल्याच तोंडातून डावीकडं जायचं असेल तर शिरायच्या आधीपासून डावा. सरळ जायचं असेल तर शिरताना कुठलाच नाही; पहिलं तोंड मागं पडलं की डावा. उजवीकडं जायचं असेल तर शिरताना उजवा, आणि सरळचं तोंड मागं पडलं की तो काढून डावा. म्हणजे कुठंही जा, बाहेर पडताना डावा पाहिजेच. कधी, तर आपल्या तोंडाच्या आधीचं तोंड गेलं की. त्याच्या आधी लावला तर खोटा, नंतर लावला तर फुकट. दिवा आपल्यासाठी नसतो. आपण कुठं चाललोय ते आपल्याला माहीत असतं. पुढच्या तोंडाशी जो ताटकळलाय त्याच्यासाठी तो असतो.

एवढंच आहे. पण एवढंच शिकवायला माझं आयुष्य गेलं, आणि त्यातही मी माती खाल्ली.

आमच्याकडं दिव्याच्या जागी काहीही चालतं. रिक्षावाला डावा पाय बाहेर काढतो, झाला इशारा. मोटारसायकलवर मागं बसलेली बायको हात दाखवते, आणि नवरा कधी त्या बाजूला वळतो, कधी नाही. हायवेचे ट्रकवाले उजवा दिवा लावतात, त्याचा अर्थ मी वळतोय असा नसतो. रस्ता मोकळा आहे, तू मला ओलांडून जा, असा असतो. माझ्याकडं एक पैलवान यायचा, त्याचा पाय एवढा रुंद की क्लच दाबला की ब्रेक पण दाबला जायचा. महिनाभर आमची गाडी बेडकासारखी चालली. आणि एक बँकेतले साहेब होते. त्यांना सगळे नियम पाठ. गोलात शिरले की मोठ्यानं म्हणायला लागायचे, आणि म्हणता म्हणता बाहेर पडायचं तोंड निघून जायचं. एकदा पाच फेऱ्या झाल्या. कडेला बसणारी हारवाली ओरडली, "मास्तर, नवस फेडताय व्हय? थांबा, नारळ पण घेऊन जावा."

मागच्या सीटवर गंगव्वा होती. ती इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या.

गंगव्वा मागं का, तेही सांगतो. बायका शिकायला यायच्या तेव्हा घरच्यांची अट असायची, एकटी बाई मास्तरबरोबर बसणार नाही. म्हणून गंगव्वा मागं बसायची. ती अक्कलकोटकडची, माहेरी कानडी. पदरात शेंगा घेऊन सोलत बसायची आणि कुणाचा पाय जोरात पडला की म्हणायची, "निधान, निधान." कानडीत निधान म्हणजे सावकाश. मी "ब्रेक, ब्रेक" ओरडलो की बाया घाबरून भलतंच दाबायच्या. तिनं निधान म्हटलं की पाय आपोआप वर यायचा. पुढं पुढं तेलुगू घरातल्या बाया, मुसलमान मोहल्ल्यातल्या बाया, सगळ्या गाडी चालवताना स्वतःशीच निधान म्हणायच्या.

गोल न कळणाऱ्या बाईला ती आमच्या पायरीवर बसवायची. परात घ्यायची. मधे कडक भाकरी पालथी, म्हणजे गोल. चार हिरव्या मिरच्या, म्हणजे चार रस्ते. पिठाचा गोळा, म्हणजे गाडी. बोटानं गोळा फिरवायची आणि सांगायची. माझ्यापेक्षा चांगलं सांगायची, आज लिहायला काय जातंय. स्टेअरिंगला मात्र तिनं कधी हात लावला नाही. मी कधी विचारलंच नाही, तुला शिकायचंय का.

आता माझी चूक. माझी पहिली गाडी जुनी होती. दुसरी घेतली तिला स्टेअरिंगपाशी लाल त्रिकोणाचं बटण होतं. दाबलं की चारी दिवे एकदम उघडझाप करायचे. पुस्तिका इंग्रजीत, मला कुठलं यायला. नाक्यावर एका ओळखीच्या ट्रकवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मास्तर असून इचारतोय? डावा म्हंजे डावीकडं, उजवा म्हंजे उजवीकडं, दोनी लावलं म्हंजे सरळ." मला पटलं. माझ्या डोक्यात ते चपखल बसलं. त्या दिवसापासून मी सगळ्यांना शिकवलं, गोलात सरळ जायचं तर चारी दिवे. आजही गोलावर उभं राहिलो की तसं करणारे दिसतात. त्यातले केस पिकलेले बघितले की मी तोंड फिरवतो. न जाणो, माझेच असतील.

शकुंतलाबाई तेव्हा शिकत होत्या. तेलुगू घरातल्या, नवऱ्याचे चादरीचे माग. सासूला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागायचं आणि नवऱ्याला मागावरून उठता यायचं नाही, म्हणून त्या शिकायला आलेल्या. त्यांच्या गल्लीत गाडी शिकायला निघालेली पहिली सून. हुशार, आणि सगळं वहीत लिहून घ्यायची सवय.

त्या दिवशी त्या पायरीवर वही घेऊन बसल्या होत्या. गंगव्वानं परात मांडली होती. पिठाच्या गोळ्याला पुढून दोन हरभऱ्याच्या डाळी टोचल्या होत्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. मला म्हणाली, "अवो, जरा खाली वाका. ह्या पुढच्या मिरचीपाशी डोळा आणा. किती दिवं दिसत्यात?"

मी वाकलो. "एक."

"कुठला?"

"डावा."

"मग चारी लावून काय उपेग? ह्या तोंडावरच्याला गाडीचं डावं अंगच दिसतंय की. त्यो म्हणणार, ही गाडी हितंच बाहेर पडतीया. आन् घुसणार."

शकुंतलाबाईंनी पेन थांबवलं. "मग काय लिहू, मास्तर?"

मला शिकणाऱ्यासमोर बायकोनं शिकवलेलं झोंबलं. मी तो पिठाचा गोळा उचलला आणि परातीच्या कडेच्या पिठात दाबून टाकला, डाळीसकट. म्हणालो, "मास्तर कोण हाय हितं? लिहा. सरळ जायचं, तर चारी दिवे."

त्यांनी लिहिलं. गंगव्वानं पिठातल्या दोन डाळी नखानं काढल्या आणि भाकरी थापायला आत गेली.

शकुंतलाबाईंना लायसन मिळालं. तीन महिन्यांनी सासूला दवाखान्यात घेऊन निघाल्या. गोलात सरळ जायचं होतं, चारी दिवे लावले. पुढच्या तोंडाशी महादू दूधवाला मोटारसायकलवर थांबला होता, दोन्हीकडं कॅन लावलेले. त्याला डावा दिवा दिसला. त्याला वाटलं, गाडी इथंच बाहेर पडतेय. तो घुसला. त्याचा डावा पाय गाडीखाली आला आणि दोन ठिकाणी मोडला. दूध हारवालीच्या टोपल्यांपर्यंत वाहत गेलं.

मला पोलीस ठाण्यात बोलावलं. गंगव्वा माझ्या मागोमाग आली. हवालदारानं शकुंतलाबाईंना विचारलं, "चारी दिवे कशाला लावले? गाडी बंद पडली होती काय?"

"मास्तरांनी शिकवलंय. सरळ जाताना लावायचे."

हवालदार माझ्याकडं वळला. त्याच्या प्रश्नावरून मला तेव्हाच कळलं की ते चुकीचं होतं, आणि माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचं लायसन जाणार. मी म्हणालो, "मी असलं कधी शिकवलं न्हाय. बाईंचा काय तरी घोटाळा झाला आसंल."

शकुंतलाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मागं बघितलं. पर्स छातीशी धरली. त्यांचा नवरा म्हणाला, "बास झालं आता." दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारातल्या गाडीवर ताडपत्री पडली. पुढं ती गाडी विकली. गल्लीतल्या दोन सुना माझ्याकडं नाव घालणार होत्या, त्या आल्याच नाहीत.

घरी आल्यावर गंगव्वा एवढंच म्हणाली, "त्या बाईला जाऊन सांगा, चूक तुमची व्हती."

"बघू," मी म्हणालो.

तिनं परत सांगितलं नाही. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. मागच्या सीटवर बसत राहिली, पण शेंगा आणायचं बंद केलं. हात मांडीवर ठेवून नुसती बसायची.

मी बँकेच्या साहेबांकडं पुस्तिका घेऊन गेलो. त्यांनी वाचून सांगितलं, गाडी रस्त्यात बंद पडून उभी असेल तर हे दिवे, चालत्या गाडीला नाहीत. तेव्हापासून मी नव्यांना बरोबर शिकवलं. आधीच्यांकडं गेलो नाही. कुठल्या तोंडानं जायचं होतं? स्कूल चाललं, माझं नाव झालं, सत्काराची एक शाल पण कपाटात आहे.

गंगव्वा चार दिवसांच्या तापानं गेली. दहाव्याला शकुंतलाबाई आल्या होत्या. त्यांचा आवाज ऐकला आणि मी मागच्या खोलीत जाऊन कडी लावली. बायकोच्या दहाव्याला, माझ्याच घरात, मी लपून बसलो. त्यानंतर मला एका जागी बसताच येईना. खुर्चीवर बसलो की कॉट बरी वाटते, कॉटवर बसलो की पायरी. परात ओट्याखाली भिंतीला टेकून उभी आहे, ती हलवावीशी वाटत नाही आणि बघवतही नाही. भाकरी मी बाहेरून आणतो.

आधी महादूकडं गेलो. म्हटलं, तिथं सोपं जाईल. तो होटगी रोडला असतो, आता म्हशी नाहीत, काठी घेऊन चालतो. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "मास्तर, आता सांगून माजा पाय सरळ व्हणार हाय का?"

"न्हाय."

"मग मला कशाला सांगताय? मी त्या बाईला चौकात, लोकांसमोर नाय नाय ते बोललो. जखमी व्हतो, बोललो. तिला सांगा जावा. आन् माजं पण सांगा, म्हादू म्हणला, जास्त बोललो."

म्हणजे तिथून मी दोघांचं ओझं घेऊन निघालो.

शकुंतलाबाईंच्या घरापुढून दोनदा पुढं गेलो आणि दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा त्यांनीच दार उघडलं. केस पांढरे झालेत. म्हणाल्या, "मास्तर, गोलात अडकल्यासारखं का करताय? आत या."

मी बसलो नाही. उभ्यानंच बोललो. "बाई, चारी दिवे मीच शिकवले होते. ठाण्यात मी खोटं बोललो. तुमची चूक नव्हती." पाठ करून गेलो होतो ते एवढंच. महादूचा निरोप पण दिला.

त्या आत गेल्या. मला वाटलं, आता पाण्याचा तांब्या येईल नाहीतर शिव्या येतील. त्या वही घेऊन आल्या. निळ्या पुठ्ठ्याची, कडा झिजलेली. पान उघडून माझ्यापुढं धरलं. सरळ जायचं तर चारी दिवे, मास्तर. तारखेसकट.

"ही त्या दिवशी ठाण्यात माझ्या पर्समध्ये होती," त्या म्हणाल्या.

"मग काढली का न्हाय?"

"गंगव्वा तुमच्या मागं उभ्या होत्या. तुम्ही खोटं बोललात आणि त्यांनी मान खाली घातली. त्या बाईनं परातीवर मला खरं दाखवलं होतं. तिच्यासमोर तिच्या नवऱ्याला कसं पाडू? तुमच्यासाठी नाही ठेवली झाकून. त्यांच्यासाठी." मग म्हणाल्या, "दर श्रावणात यायच्या. तुमचं नाव आम्ही दोघींनी कधी काढलं नाही."

मला हे माहीत नव्हतं. श्रावणात ती देवळात जाते म्हणून सांगायची.

"बाई, माफ करा म्हणायची माझी लायकी न्हाय."

"मग नका म्हणू. मी पण करणार नाही. पेन घ्या आणि त्या ओळीवर काट मारा. खाली बरोबर काय ते लिहा. तुमच्या हातानं."

मी काट मारली. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लिहिलं, आधीचं तोंड गेलं की डावा. खाली सही केली. त्यांनी सांगितलं नव्हतं तरी केली.

त्यांनी आत हाक मारली, "श्रावणी, चावी घे." श्रावणी म्हणजे त्यांची सून. तिला मोडनिंबच्या शाळेत नोकरी लागलीय, रोज एसटीनं जाते. गाडी घेतलीय, कच्चं लायसन निघालंय, पण गोल आला की रडकुंडीला येते. मी सवयीनं पुढच्या डाव्या दाराकडं निघालो. शकुंतलाबाई म्हणाल्या, "तिथं मी बसणार. माझं लायसन चालू आहे. चौदा वर्षं स्टेअरिंगला हात लावला नाही, पण मुदत कधी संपू दिली नाही. तुम्ही मागं बसा."

एकतीस वर्षांत मी मागच्या सीटवर कधी बसलो नव्हतो.

मागून काहीच हातात नसतं. ब्रेक नाही, स्टेअरिंग नाही. समोरचे दिवे दिसत नाहीत, नुसती टिकटिक ऐकू येते. माझे पाय आपोआप खाली दाबत होते. शकुंतलाबाईंनी वही मांडीवर उघडी ठेवली होती आणि त्यांचं बोट मी लिहिलेल्या ओळीवरून फिरत होतं. स्टेशनच्या बाजूनं आम्ही गोलाशी आलो, सरळ जायचं होतं. श्रावणीनं उजवीकडून येणारी बस जाऊ दिली, मग आत शिरली. जरा जोरात शिरली. माझ्या तोंडून निघालं, "निधान."

शकुंतलाबाईंनी मान वळवली नाही. पण ओळीवरचं बोट थांबलं.

मी डाव्या खिडकीतून बाहेर बघितलं, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. आणि मला गंगव्वाचं कळलं. पुढं बसणारा मास्तर रस्ता बघतो, शिकणाऱ्याचे पाय बघतो. मागच्या खिडकीतून तोंडाशी थांबलेल्या माणसांचे चेहरे दिसतात. हेल्मेटमधले, पदर बांधलेले, घामेजलेले. सगळे डोळे बारीक करून आपल्या गाडीकडं बघत असतात, ही कुठं जाणार म्हणून. ती वर्षानुवर्षं हे बघत होती. परात तिनं उगीच मांडली नव्हती.

पहिलं तोंड आलं. आमचा दिवा बंद. तिथला मोटारसायकलवाला थांबून राहिला. तोंड मागं पडलं.

"आता," मी आणि शकुंतलाबाई एकदम म्हणालो.

श्रावणीनं डावा दिवा लावला. टिकटिक सुरू झाली. पुढच्या तोंडाशी एक रिक्षावाला होता, मागं शाळेची पोरं कोंबलेली. त्यानं वाकून आमच्या गाडीकडं बघितलं. त्याला डावा दिवा दिसला, आणि तो खरा होता. आम्ही बाहेर पडत होतो तोवर त्यानं रिक्षा आत घातली. आमच्यात आणि त्याच्यात भरपूर जागा होती.